सतराची ओळ

नावं ठेवणं वेगळं आणि ठिपके मोजणं वेगळं. एवढी साधी गोष्ट मला दहावीत कळते आणि वीस वर्षं चित्रकला शिकवणाऱ्या बाईंना कळत नाही, याला काय म्हणायचं? मी मनातल्या मनात जे म्हटलं ते कागदावर उतरवण्यासारखं नाही. म्हणून झालं ते सगळं क्रमानं सांगते. मग तुमचं तुम्ही ठरवा.

आमच्या गल्लीत, बाळीवेशीच्या मागच्या अंगाला, नऊ घरांचं एक रांगोळी मंडळ आहे. मंडळ म्हणजे सभा नाही, वर्गणी नाही, फोटो नाही. मंडळ म्हणजे एक वही. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, वरून खाकी कव्हर. ती एका घरी दोन दिवस राहते आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या घरी जाते. ज्या घरी जाईल त्या घरच्या बाईनं आवडलेला नमुना उतरवून घ्यायचा, आपल्याकडचा एखादा नवा काढायचा, आणि दुसरीच्या नमुन्याखाली दोन शब्द लिहायचे. “मधल्या पाकळीत गुलाबी भरला तर उठून दिसेल.” “माझ्या जावेनं गौरीला काढली, सगळ्यांनी विचारलं.” असं. कधी कुणी कुणाला प्रश्न विचारते आणि उत्तर अठरा दिवसांनी फिरून येतं. मला तर ती उत्तरं वाचायलाच जास्त मजा येते. आमच्या गल्लीतल्या बायका तोंडानं जे कधी बोलत नाहीत ते वहीत बोलतात.

वही सुरू केली होटगीकरबाईंनी. त्या आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतात. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी सुंदर अक्षरात नऊ घरांची यादी लिहिली आहे आणि खाली तीन नियम. एक, वही दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये. दोन, तेलाचा हात लावू नये. तीन, कुणाच्या रांगोळीस नावे ठेवू नयेत. प्रत्येक फेरी संपली की वही बाईंच्या घरी जाते, त्या ती पहिल्यापासून वाचतात, काही वावगं असेल तर बघतात, आणि मग पुन्हा सोडतात.

यादीत चौथं नाव माझ्या आईचं. नागम्मा. आम्ही तिला अव्वा म्हणतो. अव्वा अक्कलकोटच्याही पलीकडच्या गावची. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलायला लागली की “वही आला” आणि “दूध सांडली” असं होतं, आणि बायका पदर तोंडाला लावून हसतात. म्हणून लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ती गल्लीत फारसं बोलत नाही. नळावर उभी राहते, घागर भरते, येते. पण वहीत कोण हसणार? ती कानडीत सांगते, मी मराठीत लिहिते, खाली तिचं नाव. दोन वर्षांत तिचे अकरा नमुने वहीत गेले. परवापरवापर्यंत गल्लीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या, “नागम्माबाई, त्या कमळाचे देठ तुम्ही एका रेघेत कसे नेता हो?” आणि अव्वा तिथंच, रस्त्यावर, ओल्या बोटानं फरशीवर काढून दाखवायची. बोलायची गरजच नाही.

वही म्हणजे अव्वाचं तोंड होतं, असं समजा.

तर नवरात्र संपल्यावर वही आमच्याकडं आली तेव्हा तिच्यात होटगीकरबाईंचा दिवाळीचा खास नमुना होता. दीपमाळ. एकोणीस ते दहा. ज्यांना रांगोळी येत नाही त्यांच्यासाठी सांगते: मधली ओळ एकोणीस ठिपक्यांची, मग वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी करत दहापर्यंत जायचं. प्रत्येक ठिपका वरच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधे पडतो. हे हलवता येत नाही. इथं मोठ्या घरचं आणि लहान घरचं असं काही नसतं, ठिपका मधे पडतो किंवा पडत नाही.

बाईंनी चित्र असं रंगवलं होतं की ठिपके सगळे रंगाखाली गेलेले. बाजूला ओळींचे आकडे लिहिलेले. बायका आकड्यांवरच काढतात. अव्वानं सकाळी सडा टाकून अंगणात सुरू केलं. मी दात घासत पायरीवर बसले होते. एकोणीस, अठरा, आणि तिसऱ्या ओळीला तिचा हात थांबला. परत पुसलं. परत थांबला.

“काय झालं, अव्वा?”

“ठिपक्याखाली ठिपका पडालाय,” ती कानडीत म्हणाली. “वही बघ.”

मी वही उघडली. खालच्या बाजूचे आकडे असे होते: अठरा, सोळा, पंधरा, चौदा. सतरा नव्हताच! अठराच्या खाली सोळा मांडले की ठिपका ठिपक्याखाली उभा राहतो, मधे पडतच नाही, आणि सगळ्यांत खालच्या पणतीची वात वाकडी होऊन शेजारच्या पणतीत घुसते.

मी तर आनंदानं ओरडलेच. बाईंची चूक! चित्रकलेच्या बाईंची! अव्वा मात्र हसली नाही. म्हणाली, “कै तप्पु. एवढंच.” म्हणजे हात चुकला. कै म्हणजे हात, तप्पु म्हणजे चूक. आमच्यात एखाद्याला दोष द्यायचा नसला की असं म्हणतात. माणूस चुकलं नाही, हात चुकला. किती सोज्वळ शब्द आहे बघा. यावरूनच पुढचं सगळं रामायण झालं.

“लिही,” अव्वा म्हणाली. “नाही तर बाकीच्या घरी पण वाकडीच येईल.”

आणि ते खरंच होतं. तानाबाई, म्हणजे यादीतलं तिसरं घर, आमच्या भिंतीला भिंत. त्यांच्या अंगणात दोन दिवस वाकडी पणती पडलेली मी बघितली होती. तानाबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडं बघत होत्या आणि म्हणत होत्या, “माज्या हाताला काय झालंय की गं. चाळीस वर्सं काडतीया, आन् आता दिवा वाकडा. म्हातारी झाले बघ मी.” त्यांना वाटलं त्यांचाच हात गेला! बाईंच्या आकड्यावर संशय कोण घेणार?

मी नमुन्याखाली, माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात, लिहिलं:

“नमुना फार सुंदर आहे. खालच्या बाजूस अठरानंतर सतराची ओळ राहिली आहे, ती घालावी म्हणजे वाती सरळ येतील. होटगीकरबाईंचा कै तप्पु. – नागम्मा.”

कै तप्पुला मराठीत काय लिहावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही, आणि अव्वाचा शब्द अव्वाचाच राहू दे असंही वाटलं. तिसऱ्या दिवशी वही पुढच्या घरी देऊन आले.

अठरा दिवस झाले. वही आली नाही. वीस झाले. अव्वानं पेन्सिलीला टोक करून ठेवलं होतं, बारावा नमुना तिच्या डोक्यात तयार होता. मी शाळेतून आले की विचारायची, “वही बंतेनु?” आली का वही? मी म्हणायची, येईल. मग एके दिवशी तानाबाईंच्या घरी मी ताक मागायला गेले तर वही त्यांच्या फडताळात!

“तानाबाई, ही आमच्याकडं कधी येणार?”

तानाबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि मग ताकाच्या मडक्याकडं बघितलं. “तुमच्याकडं न्हाय गं. माज्याकडनं सरळ पाचव्या घरला जायाची हाय. बाईंनी सांगितलंय.”

“का म्हणून?”

“आता मला काय इचारतीस? तूच न्हाय का काय तरी वंगाळ लिव्हलंस. दिवाळीच्या तोंडावर कुणाच्या मरणाचं लिव्हावं व्हय गं पोरी?”

मरणाचं? मी वही ओढूनच घेतली. पहिल्या पानावर चौथं नाव लाल शाईनं खोडलेलं. एक रेघ नाही, दोन. दीपमाळेचं पान काढलं. माझ्या ओळींवर पांढऱ्या कागदाची पट्टी, खळ लावून चिकटवलेली. चारी कडा बोटानं दाबलेल्या. आणि आकडे तसेच! अठरा, सोळा, पंधरा, चौदा. चूक उघडी आणि चूक दाखवणारं झाकलेलं. हे बघून माझ्या कानातून वाफ निघायची बाकी होती.

मी पान खिडकीशी नेऊन उजेडाला धरलं. पट्टीखालून माझं अक्षर दिसत होतं, अंधुक. मग मला सुचलं, आणखी पट्ट्या असतील. एकेक पान उजेडाला धरत गेले. तानाबाई ओरडत होत्या, “आगं, फाटंल की ती!”

एकच आणखी सापडली. मीनाबाईंच्या पानावर. मीनाबाई यादीतल्या नवव्या, गल्लीच्या टोकाचं घर. दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी चोवीस आऱ्यांचं चक्र काढलं होतं, इतकं गोल की कंपासनं काढल्यासारखं. त्याच्या वर बाईंच्या अक्षरात पट्टी: “चक्र. कोणत्याही शुभ प्रसंगी.” आणि पट्टीखाली, उजेडात: “धम्मचक्र. आम्ही बुद्धजयंतीला काढतो.”

हे काय वावगं होतं, सांगा ना मला! यात कुणाला नावं ठेवली होती?

संध्याकाळी मीनाबाई ड्युटीवरून येताना मी त्यांना रस्त्यातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या थांबल्या, पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“मला माहीत आहे ते,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे? मग तुम्ही बोलला नाहीत?”

“बोलून काय होतं? पहिल्यांदा वहीत घेतलं तेव्हाच आठ घरांत दोघी कुरकुरल्या होत्या. बाईंनीच घेतलं मला, तेवढं तरी खरं. चक्र ठेवलंय की त्यांनी. नाव झाकलं.” मग त्या हसल्या. “तू कशाला एवढी तापतीस? अभ्यास कर.”

मोठी माणसं अशी हसतात ना, तेव्हा मला जास्त राग येतो.

घरी अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. अप्पांचं दोरखंडाचं दुकान आहे, ते सगळ्याची थट्टा करतात. म्हणाले, “तीन वर्षांमागं आणीबाणीत पेपरात कोऱ्या जागा यायच्या, तेव्हा होटगीकर मंडळी चौकात बसून केवढी चिडायची. आता पेपर मोकळा झाला, तर पट्ट्या बायकांच्या वहीत आल्या. कुटं तरी लावाव्याच लागतात की.”

अव्वा हसली नाही. तिनं पेन्सिल उचलली आणि डब्यात ठेवून दिली. ती अशी डब्यात ठेवली नसती तर मी कदाचित गेले नसते.

रविवारी दुपारी मी होटगीकरबाईंच्या घरी गेले. एकटी. दोन वेण्या घट्ट बांधून. बाई ओसरीवर कागद कापत बसल्या होत्या, त्यांचे यजमान आत झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

“बाई, तुम्ही आमचं नाव का खोडलंत?”

बाईंनी कात्री खाली ठेवली. “दाक्षायणी, बस आधी.”

“उभीच बरी आहे.”

“हे बघ, मी तुला शाळेत काही बोलले नाही. तुझ्या आईला बोलले नाही. तुझं वय आहे म्हणून सोडून दिलं. पण असली गोष्ट मी वहीत चालू देणार नाही. दिवाळीच्या नमुन्याखाली, माझं नाव घालून, कैलासवासी!”

“कोण कैलासवासी?”

“ते तूच सांग! कोण हा तप्पु? माझ्या घरात या नावाचं कुणी नाही. देवाच्या दयेनं सगळे धडधाकट आहेत. ‘होटगीकरबाईंचा कै. तप्पु’! मी वाचलं आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही.”

मला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं, आणि मी मोठ्यांदा हसले. हसायला नको होतं, पण हसले.

“बाई, कै. नाही हो, नुसतं कै! मी टिंब दिलंच नव्हतं. टिंब तुम्ही दिलंत.”

आतून झोपाळा थांबल्याचा आवाज आला. बाईंचे यजमान दारात आले, चष्मा कपाळावर. “काय लिहिलं होतं म्हणालीस? कै तप्पु?” आणि ते दाराला धरून असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. “अगं, कै म्हणजे कानडीत हात! हात चुकला म्हणते ती. मला विचारायचं नाहीस का? माझं बालपण गेलं होटगीत.”

“मरणाच्या गोष्टी तुम्हाला कशा विचारणार?” बाई म्हणाल्या. त्यांचं माहेर बार्शीचं, कानडीचा गंध नाही. त्यांचे कान लाल झाले होते. मला क्षणभर त्यांची दया आली. दोन दिवस खरंच जेवल्या नसतील.

“नमुन्यात ठिपके कमी आणि माझ्या वाक्यात एक जास्त,” मी म्हटलं. हे मी म्हणायला नको होतं, पण इतकं नेमकं सुचलं की थांबवेना.

यजमान पुन्हा हसले. बाई हसल्या नाहीत. पण त्या म्हणाल्या, “ठीक आहे. माझा गैरसमज झाला. तुझ्या आईचं नाव मी परत लिहिते. सतरासुद्धा घालते. झालं?”

“आणि पट्टी?”

“पट्टी राहू दे.”

“का?”

“कारण चूक होती तर मला घरी येऊन सांगायची होती. चारचौघींच्या वहीत कशाला? तुला माहीत नाही, तू लहान होतीस. आधी एक वही होती. नियम नव्हते. एकीनं दुसरीच्या मोराला कोंबडी म्हटलं, दुसरीनं पहिलीच्या सासूचं काढलं, तिसरीनं तिसरंच. शेवटी ती वही कुणीतरी बंबात घातली. सत्तर नमुने जळाले. माझ्या आजीचे होते त्यात. म्हणून मी वाचते, म्हणून मी बघते. कुणी तरी बघावं लागतं, दाक्षायणी. वही फुकट टिकत नाही.”

हे मला माहीत नव्हतं, खरंच. आणि हे खोटं नव्हतं तेही त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. पण मग मला तानाबाई आठवल्या, आपल्या हाताकडं बघणाऱ्या.

“बाई, मोराला कोंबडी म्हणणं म्हणजे नावं ठेवणं. मी सतरा म्हटलं. सतरा म्हणजे सतरा. तुमच्या घरी येऊन गुपचूप सांगितलं असतं तर तुम्ही गुपचूप आकडा घातला असता, आणि तानाबाईंना जन्मभर वाटलं असतं की त्यांचा हात गेला. आमच्या आधी ज्या घरांनी वाकडी काढली त्यांना कोण सांगणार?”

“उलट बोलू नकोस.”

“मी सुलटच बोलते आहे. आणि मीनाबाईंनी कुणाला कोंबडी म्हटलं होतं?”

यजमान आत गेले. झोपाळा पुन्हा सुरू झाला नाही.

“तू पट्ट्या उचकटून बघितल्यास?”

“उजेडाला धरून.”

“ती गोष्ट वेगळी आहे,” बाई म्हणाल्या, हळू आवाजात. “तुला नाही कळायचं. कोण काय म्हणेल ते मला माहीत आहे, तुला माहीत नाही. ते शब्द ठेवले असते तर दोन घरांनी वही घेतली नसती. मी चक्र वाचवलं. जा आता तू. वही कोण चालवतं ते माझ्यावर सोड.”

“वही तुमची असेल, रांगोळ्या आमच्या आहेत,” मी म्हटलं आणि निघाले. रस्त्यात मला आणखी दहा चांगली वाक्यं सुचली. नेहमी असंच होतं.

घरी येऊन मी अव्वाला सगळं सांगितलं. मोराची कोंबडी, बंब, टिंब, मीनाबाई, सगळं. नाव परत येणार हे सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. ती भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेवटची भाजली, हात धुतले, आणि खुंटीवरचं लुगडं काढलं. इरकली, सणाचं.

“कुठं निघालीस?”

“बा,” म्हणाली. चल.

अव्वा कुणाच्या घरी बोलायला जाते हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मी तिच्या मागं होते, पुढं नाही. बाई पुन्हा ओसरीवरच होत्या. वही तानाबाईंकडून परत मागवली होती, समोर उघडी होती. यादीत चौथ्या जागी लाल रेघांच्या शेजारी निळ्या शाईनं नागम्मा लिहिलेलं, शाई ओली.

“या, नागम्मा,” बाई म्हणाल्या, जरा गडबडून. “बसा. मी नाव घातलंय बघा.”

अव्वा बसली. मी दुभाषी व्हायला तोंड उघडलं तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“बाई,” ती मराठीत म्हणाली. “मी बोललं. पोरगी नाही बोलली. तिनं लिव्हलं, मी सांगितलं. राग आला तर माझ्यावर करा.”

“नाही हो, राग नाही. गैरसमज झाला होता. मिटला.”

“मग ते कागद काढा.”

बाईंनी आतून भांड्यात पाणी आणलं, बोट ओलं करून पट्टीच्या कडेवर फिरवलं, हळूहळू सोलली. खळीबरोबर शाई पुसट झाली, पण वाचता येत होतं. आणि मग बाईंनी स्वतः, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात, खाली लिहिलं: “नागम्मांनी दाखवून दिले ते बरोबर आहे. सतराची ओळ माझ्याकडून राहिली. ज्यांची रांगोळी वाकडी आली त्यांचा दोष नाही.” शेवटचं वाक्य त्यांनी आपणहून लिहिलं, कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रामाणिकपणे सांगते, माझा अर्धा राग तिथं गेला.

“झालं समाधान?” म्हणत बाईंनी आतून चहा आणला. “घ्या.”

अव्वानं चहाकडं बघितलं नाही. पानं उलटली, एकेक, बोट लावत, चक्राच्या पानावर थांबली.

“हे पण.”

बाईंनी श्वास सोडला. “नागम्मा, ते राहू द्या. तुमचं तुम्हाला मिळालं ना? त्याचा तुमच्याशी काय संबंध?”

“मीनाबाईनं काय चुकलं?”

“चुकलं नाही. कुणीच म्हणत नाही चुकलं. पण दोन घरं जातील.”

“जाऊ दे.”

“सोपं आहे म्हणायला! वही मोडेल, नागम्मा. तुम्हाला काय वाटतं, मला आवडतं हे?”

चहावर साय धरली. बाईंचं बोट भांड्यातल्या पाण्यापर्यंत गेलं, थांबलं, आणि पदराला पुसलं गेलं. मी बघत होते. मला वाटत होतं, आत्ता काढतील, आत्ता काढतील. त्यांना काढायची होती, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून तर जास्त संताप येतो. ज्याला कळत नाही त्याचं सोडा, पण कळून बोट पुसायचं?

मग अव्वानं पहिलं पान काढलं, बाईंचा टाक उचलला आणि नव्या निळ्या नावावर रेघ मारली. वेडीवाकडी, कारण टाक धरायची सवय नाही. एकच रेघ.

“नागम्मा, अहो, हे काय!”

“आमचं नाव नको,” अव्वा म्हणाली. “ते लिव्हलेलं राहू दे. सतरा राहू दे. बायकांना लागतंय.” आणि उठली.

रस्त्यात मी रडले. अव्वावर चिडले. म्हटलं, सगळं मिळालं होतं, तू का टाकलंस, आता तुझा बारावा नमुना कुठं जाणार? ती आमच्या दारावरून पुढं गेली. तानाबाईंनी हाक मारली, “नागम्माबाई, कुटं निगाला नटून?” तेव्हा ती फक्त हसली आणि चालत राहिली, गल्लीच्या टोकापर्यंत.

मीनाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. अव्वाला बघून गडबडल्या, सूप बाजूला ठेवलं, आतून सतरंजी आणायला वळल्या. अव्वा तोवर उंबऱ्याशीच खाली बसली होती.

“मीनाबाई,” ती म्हणाली, “चोवीस कसं बसवती? मी काल काढला, तेवीस येते.”

मीनाबाईंनी आधी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग त्या खाली बसल्या, सुपातले मूठभर तांदूळ घेतले आणि फरशीवर एक दाणा मधोमध ठेवला. “आधी चार दिशा लावायच्या,” त्या म्हणाल्या. “मग प्रत्येक दोघांच्या मधे पाच.”

अव्वानं मोजायला सुरुवात केली, मोठ्यांदा, मराठीत, आणि सोळानंतर तिनं सतरा न म्हणता कानडीतलं “हदिनेळु” म्हटलं, तेव्हा मीनाबाई हसल्या आणि अव्वा पण हसली.